मला कुणी विचारलंच नाही, मग निवड झाली कधी?

या अंकात पेटंटवरची चार पत्रं घेतेय. चारही पत्रांत 'क्लेम' हा शब्द येतो, क्लेम म्हणजे अर्जातलं ते वाक्य ज्यात नेमक्या कशावर हक्क मागतोय ते लिहिलेलं असतं. पहिल्याला बरीच जागा दिलीय कारण त्यातली मुदत चालू आहे, आणि न विचारताच निवड होऊन गेल्याची ही अडचण आपल्या ठाणे-नवी मुंबईकडच्या छोट्या कारखानदारांना येताना मी परत परत बघतेय. बाकीची तीन पत्रं त्याच धाग्यातली आहेत.

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझं वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे. रबाळे, महापे, तुर्भेकडच्या केमिकल कंपन्यांचे हीट एक्स्चेंजर आम्ही शटडाऊनमध्ये साफ करून देतो. ट्यूबच्या आत जे स्केल जमतं ते काढायला पाण्याचं प्रेशर थांबून थांबून झटक्याने सोडायची एक पद्धत मी बसवली आणि त्यासाठी एक फिरणारं नोझल स्वतः लेथवर बनवलं. भारतात अर्ज केला, मग अमेरिकेत केला. अमेरिकेच्या अर्जात सगळे क्लेम साफ करायच्या पद्धतीचे होते, नोझलची ड्रॉइंग आणि वर्णन आत आहे पण क्लेम नव्हता. एक्झामिनरने पहिल्या लेटरमध्ये दोन जुनी पेटंटं दाखवून पद्धत नाकारली. तिकडच्या वकिलांनी पद्धतीच्या क्लेममध्ये दुरुस्ती केली आणि नोझलचे सहा क्लेम नवीन टाकले. आता फायनल लेटर आलंय, त्यात लिहिलंय की नोझलचे क्लेम तपासणार नाही कारण अर्जदाराने पद्धत आधीच निवडलेली आहे. मी कधीच काही निवडलं नाही, मला कुणी विचारलंही नाही. खरी करामत तर नोझलमध्येच आहे. आरसीईची, म्हणजे तपासणी पुढे चालू ठेवायची, फी भरून नोझल पुढे घेता येईल का? नाहीतर पद्धतीचे क्लेम काढून टाकून फक्त नोझल ठेवू का?
(एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : दादा, तुमचं नोझल हातातून गेलेलं नाही. हे आधी सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. आणि तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तरही लगेच देते, दोन्हीला नाही. का ते खाली सांगते, पण वकिलांना तसं काही कळवलं असेल तर आजच फोन करून थांबवा.

आता निवड झाली कधी ते बघू. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसलात की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भ्यापर्यंत वाशीची गाडी काय आणि पनवेलची गाडी काय, रूळ एकच. कुणी येऊन विचारत नाही की कुठे चाललात, ज्या गाडीत चढलात तेच तुमचं उत्तर. तुर्भ्यापर्यंत उतरून गाडी बदलता येते, पण गाडी एकदा सानपाड्याकडे वळली की नेरूळला जायला दुसरी गाडीच धरावी लागते. अमेरिकेच्या अर्जात तुर्भे स्टेशन म्हणजे क्लेमच्या गुणवत्तेवर आलेलं पहिलं लेटर, ज्यात एक्झामिनर जुनी पेटंटं शोधून तुमचे क्लेम त्याच्याशी ताडून बघतो. तुम्ही पद्धतीचे क्लेम दिलेत, त्याने पद्धतीवर शोध घेतला, त्यावर लेटर काढलं, झालं, त्या क्षणी तुमची निवड झाली असं तिथलं पेटंट ऑफिस धरतं. त्यांच्या भाषेत याला मूळ सादरीकरणातून झालेली निवड म्हणतात, तुमच्या लेटरमध्ये 'इलेक्शन बाय ओरिजिनल प्रेझेंटेशन' असे शब्द असतील ते हेच.

एरवी काय होतं, तर तुम्ही पद्धत आणि नोझल दोन्ही पहिल्यापासून क्लेम केलं असतं तर एक्झामिनरने बहुतेक शोध घ्यायच्या आधीच एक लेटर पाठवलं असतं की यात दोन वेगळे शोध आहेत, एक निवडा. त्याला रिस्ट्रिक्शन म्हणतात, अमेरिकन पेटंट कायद्याच्या कलम १२१ मध्ये ते आहे आणि त्यांच्या नियम १.१४२ मध्ये. तिथे विचारतात, दोन महिन्यांची मुदत देतात, तुम्ही निवडता आणि पटत नसेल तर विरोध नोंदवता. तुमच्या केसमध्ये विचारायची वेळच आली नाही कारण समोर एकच गोष्ट होती. नंतर दुसरी आली तेव्हा नियम १.१४५ लागला, तो सांगतो की ऑफिसच्या लेटरनंतर जर अर्जदाराने आधीच्यापेक्षा वेगळ्या आणि स्वतंत्र शोधाचे क्लेम आणले तर त्याला आधीच्याच शोधापुरतं राहायला सांगता येतं. एक्झामिनरांचं जे मॅन्युअल असतं, एमपीईपी, त्यात ८२१.०३ मध्ये हेच आहे आणि ८१८.०२ मध्ये न विचारता निवड कशी कशी होते ते दिलंय.

तुमचा राग मला कळतो. पण ऑफिसचीही एक बाजू आहे आणि ती मला पटते. एक्झामिनरला एका अर्जासाठी ठरावीक वेळ मिळतो, तो वेळ त्याने पद्धतीच्या शोधात घालवला, आता तुम्ही नोझल आणलंत तर त्याला वेगळ्या वर्गात, वेगळ्या पेटंटांमध्ये परत पहिल्यापासून शोधायला लागणार आणि फी मात्र एकाच अर्जाची. म्हणून हा नियम. मला जे पटत नाही ते वेगळं आहे, ते म्हणजे आपल्याकडच्या माणसाला पहिले क्लेम पाठवताना कुणी हे सांगतच नाही. क्लेम कसे लिहिले ते इंजिनिअर वाचतो सुद्धा नाही बऱ्याचदा, सही करून मोकळा होतो.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं काम, लेटरमधला तो परिच्छेद काढा आणि एक्झामिनरने कारण दिलंय का बघा. नुसतं 'वेगळा शोध आहे' एवढं म्हणून चालत नाही. पद्धत आणि ती पद्धत चालवायचं यंत्र, या जोडीत वेगळेपण दाखवायला त्याला दोनपैकी एक तरी सांगावं लागतं, एक तर ती पद्धत दुसऱ्याच एखाद्या बऱ्यापैकी वेगळ्या यंत्राने किंवा हाताने करता येते, नाहीतर ते यंत्र दुसऱ्या एखाद्या बऱ्यापैकी वेगळ्या कामाला वापरता येतं. तुमच्या बाबतीत तो बहुधा म्हणाला असेल की झटक्याचं प्रेशर साध्या लान्सने, म्हणजे प्रेशरच्या सरळ नळीनेही सोडता येतं, किंवा हे नोझल ड्रेनेजची लाईन साफ करायलाही चालेल. त्याशिवाय दोन्ही एकत्र तपासायचा मोठा बोजा पडतो हेही त्याने दाखवायला हवं. यातलं काही नसेल तर तुमच्याकडे बोलायला जागा आहे.

दुसरं, तुमचे अगदी पहिले क्लेम परत वाचा, खास करून मुख्य क्लेमखाली लटकलेले उपक्लेम. त्यात कुठे 'ज्यात पाणी फिरणाऱ्या नोझलमधून सोडलं जातं आणि त्या नोझलला अमुक अमुक आहे' असं काही होतं का? असेल तर नोझलच्या रचनेवर शोध आधीच झालेला असणार, मग बोजा कसला, असा मुद्दा नीट मांडता येतो.

तिसरं फार महत्त्वाचं आणि हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, अमेरिकेत अर्ज कुठल्या दाराने गेला? भारतातल्या अर्जानंतर वर्षाच्या आत थेट तिथे टाकलात की पीसीटीतून, म्हणजे अनेक देशांसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय अर्जातून, ३० महिन्यांच्या मुदतीत तिथल्या नॅशनल स्टेजला, म्हणजे त्या देशातल्या टप्प्याला गेलात? वकिलांना विचारा, फायलिंग रिसीटवर '३७१' असं दिसलं तर पीसीटीवाला. कारण पीसीटीवाल्या अर्जाला वर सांगितलेली वेगळेपणाची कसोटी लागत नाही, तिथे शोधाच्या एकतेची कसोटी लागते, आणि त्यांच्या नियम १.४७५ मध्ये ज्या जोड्या एकत्र चालतात म्हणून दिल्यात त्यात 'पद्धत आणि खास ती पद्धत चालवण्यासाठी बनवलेलं यंत्र' ही जोडी आहे. तुमचं नोझल अगदी तेच आहे. अर्थात एक अट आहे, दोघांना जोडणारी जी तांत्रिक गोष्ट आहे ती जुन्या पेटंटांच्या पुढे जाणारी असायला हवी, आणि एक्झामिनरने पद्धत नाकारलीय म्हणजे तो म्हणणार की जोडणारं नवीन असं काही उरलंच नाही. तरी थेट अर्जापेक्षा इथे तुमची बाजू बरीच भक्कम होते. एक्झामिनरने ३७१ च्या अर्जाला चुकून दुसरीच कसोटी लावलेली मी पाहिलेली आहे म्हणून हे तपासाच.

विरोध करायचा तर आधी एक्झामिनरकडेच फेरविचार मागायचा, कारणांसकट, आणि तो नाही म्हणाला तर नियम १.१४४ खाली पिटीशन. ही गोष्ट अपील बोर्डाकडे नेता येत नाही, बरेच जण तिथेच चुकतात, पद्धत नाकारली त्यावर अपील होतं पण नोझल बाजूला ठेवलं त्यावर पिटीशनच. आणि पिटीशन अपील करायच्या वेळेपर्यंत टाकावी लागते, त्यानंतर नाही. फायनल लेटरला उत्तर द्यायची मुदत साधारण तीन महिने, ज्यादा फी भरत भरत जास्तीत जास्त सहा महिने, त्यापुढे अर्ज सोडून दिला असं धरतात. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

आता आरसीई. तुम्हाला वाटतंय फी भरली की पाटी कोरी. तसं होत नाही, आरसीई म्हणजे त्याच अर्जाची तपासणी पुढे चालू ठेवणं, आणि मॅन्युअल स्पष्ट सांगतं की आरसीई करून दुसऱ्या शोधावर उडी मारायचा हक्क मिळत नाही, आधीची निवड तशीच पुढे येते. पद्धतीच्या क्लेमसाठी आरसीई लागली तर जरूर भरा, नोझलसाठी म्हणून भरू नका.

आणि पद्धतीचे सगळे क्लेम काढून फक्त नोझल ठेवायचं तर अजिबात करू नका. मग अर्जात निवडलेल्या शोधाचा एकही क्लेम उरत नाही आणि ऑफिस म्हणतं हे उत्तर म्हणून धरताच येणार नाही. फायनलनंतर हा खेळ फार धोक्याचा, मुदत संपली तर अख्खा अर्जच जाईल.

करायचं काय तर दोन गोष्टी बरोबर करा. एक, नोझलची जी खास रचना आहे ती पद्धतीच्या क्लेममध्ये आत घाला, म्हणजे 'ट्यूब साफ करायची पद्धत, ज्यात अशा अशा रचनेचं नोझल आत घालून प्रेशरचे झटके दिले जातात'. हा पद्धतीचाच क्लेम राहतो, त्यामुळे निवड बदलली असं सहसा म्हणता येत नाही, आणि ती दोन जुनी पेटंटं ओलांडायला नोझलची मदतही होते. फायनलनंतर अशी दुरुस्ती घ्यायची की नाही हे एक्झामिनरच्या हातात असतं, म्हणून आरसीई लागली तर ती या कामासाठी लागेल. दोन, नोझलसाठी डिव्हिजनल, म्हणजे मूळ अर्जातून फोडलेला वेगळा अर्ज टाका. तीच ही दुसरी गाडी. स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, तेच, नवीन काही घालायचं नाही, क्लेम फक्त नोझलचे, आणि तारीख मूळ अर्जाचीच मिळते, म्हणजे गाडी दुसरी पण तिकीट जुनंच चालतं. अट एवढीच की मूळ अर्ज जिवंत असताना टाकायचा, म्हणजे पेटंट इश्यू होण्याआधी आणि अर्ज सोडून दिला जाण्याआधी.

नुसत्या पद्धतीवर समाधान मानू नका असं मी का सांगतेय तेही लिहिते. पद्धतीचा क्लेम मोडतो कोण, तर जो अमेरिकेत प्रत्यक्ष त्या पद्धतीने ट्यूब साफ करतो तो. उद्या तिथला कुणी तुमचं नोझल जसंच्या तसं बनवून दुकानात विकायला ठेवलं तर त्याने स्वतः पद्धत वापरलेलीच नाही, त्याला पकडायला तुम्हाला सिद्ध करत बसावं लागणार की त्याला पेटंट माहीत होतं आणि त्या नोझलचा दुसरा काही उपयोग नव्हता वगैरे. नोझलचा क्लेम असेल तर बनवणारा, विकणारा, आयात करणारा सगळे थेट सापडतात. तुम्ही पुढेमागे नोझल एक्स्पोर्ट करणार असाल तर तुमचा जीव त्या क्लेममध्ये आहे.

आणि डिव्हिजनल टाकलाच नाही तर? स्पेसिफिकेशनमध्ये जे सांगितलं पण क्लेम केलं नाही ते लोकांना देऊन टाकलं असं तिथलं कोर्ट धरतं, जॉन्सन अँड जॉन्स्टन विरुद्ध आर. ई. सर्व्हिस या केसमध्ये २००२ साली फेडरल सर्किटच्या, म्हणजे तिथल्या पेटंट अपिलांच्या कोर्टाच्या, पूर्ण बेंचने हे पक्कं केलं. नंतर रीइश्यू, म्हणजे मिळालेलं पेटंट दुरुस्त करून परत घेऊन, सुधारू म्हणाल तर तेही कठीण, ओरिटा नावाच्या अमेरिकन केसच्या १९७७ च्या निकालापासून ठरलेलं आहे की रिस्ट्रिक्शन झाल्यावर डिव्हिजनल टाकायचं राहून गेलं ही रीइश्यूने सुधारायची चूक नव्हे. उशीरही करू नका, २० वर्षांची मुदत मूळ अमेरिकन अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात, पीसीटीतून गेला असाल तर पीसीटीच्या तारखेपासून, डिव्हिजनलला वेगळी २० वर्षं मिळत नाहीत, आणि १९ जानेवारी २०२५ पासून मूळ तारखेला ६ वर्षं उलटल्यावर टाकलेल्या अशा पुढच्या अर्जांना ज्यादा फी लागते, ९ वर्षांनंतर आणखी जास्त.

प्रश्न : ताई, आमचं घणसोलीला छोटं स्टार्टअप आहे, आंबा वाटेत एकसारखा पिकावा म्हणून पेटीत ठेवायची पुडी आणि ती पुडी बसेल अशी पेटी आम्ही बनवली, वाशीच्या मार्केटमध्ये दोन सीझन वापरून पाहिली. अमेरिकेच्या अर्जात पुडी आणि पेटी दोन्हीचे क्लेम होते. पहिल्या लेटरला उत्तर देताना पुडीचे क्लेम नाकारले म्हणून आणि खर्च वाचेल म्हणून आम्हीच काढून टाकले. आता पेटीवर दुसरं लेटर आलंय आणि एका गुंतवणूकदाराला पुडीच हवीय. पुडीचे क्लेम परत घालता येतील ना? ऑफिसने तर आम्हाला निवडा असं कधी म्हटलंच नव्हतं.
(एक वाचक, घणसोली)

उत्तर : नाही गं, सरळ परत घालता येणार नाहीत बहुतेक. पहिल्या पत्रातल्या दादांनी एकच गोष्ट घेऊन सुरुवात केली म्हणून निवड झाली, तुम्ही दोन घेऊन सुरुवात केलीत आणि मधेच एक सोडलीत, उरलेल्या एकावर एक्झामिनरने लेटर काढलं, तेव्हा तुमची निवड झाली. मॅन्युअलमध्ये हा प्रकार वेगळा सांगितलाय, आपणहून क्लेम रद्द करून झालेली निवड.

हे मला फार जवळून माहीत आहे. मी या कामात नवीन असताना एका क्लायंटचे क्लेम असेच कमी केले होते, अमेरिकेत मूळ फीमध्ये एकूण २० क्लेम आणि ३ स्वतंत्र क्लेम बसतात, त्याच्या वर गेलं की दर क्लेमला पैसे, म्हणून मी एक गट काढून टाकला आणि मनात म्हटलं लागला तर परत घालू. परत घालता आला नाही. डिव्हिजनल टाकावा लागला आणि त्याचा खर्च वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट झाला. तेव्हापासून क्लेम रद्द करायचं पत्र मी क्लायंटला फोनवर वाचून दाखवल्याशिवाय पाठवत नाही.

तुझ्या केसमध्ये एक गोष्ट जास्तीची सांभाळ. ऑफिसने रिस्ट्रिक्शन लावलं असतं तर त्यातून निघालेल्या डिव्हिजनलला कलम १२१ चं संरक्षण असतं, म्हणजे मूळ पेटंट दाखवून 'हे तर तेच दुसऱ्यांदा मागताय' असं म्हणत डबल पेटंटिंगचा आक्षेप घेता येत नाही. तुम्ही आपणहून काढलंत, त्यामुळे ते संरक्षण नाही. पुडीचा नवीन अर्ज टाकलात आणि तो आक्षेप आला तर टर्मिनल डिस्क्लेमर द्यावं लागेल, त्याचा अर्थ पुडीचं पेटंट पेटीच्या पेटंटच्या पुढे जगणार नाही आणि दोन्ही पेटंटं एकाच मालकाकडे राहिली तरच ते वापरता येईल. गुंतवणूकदाराला फक्त पुडीचं पेटंट वेगळं काढून विकायचं असेल तर इथे अडकाल. करारावर सही करायच्या आधी हे त्याच्या वकिलाला सांगून टाका, नंतर कळलं तर विश्वास जातो. नवीन अर्ज मात्र टाकाच, पेटीचं पेटंट इश्यू होण्याआधी.

प्रश्न : आमच्या पाइपच्या आतल्या कोटिंगमध्ये तीन वेगळी रेझिन चालतात. अमेरिकेत पहिल्या क्लेममध्ये आम्ही कुठलंच रेझिन न सांगता सगळ्यांना लागू होईल असं लिहिलं आणि पहिलं लेटर त्यावर आलं. मग आमचीही निवड होऊन गेली का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : नाही, तुम्ही सुटलात. नुसता सर्वसमावेशक क्लेम तपासला गेला तर त्यातल्या कुठल्या एका प्रकाराची निवड झाली असं धरत नाहीत. आता तीन रेझिनचे तीन वेगळे क्लेम घातलेत तर एक्झामिनर तेव्हा विचारू शकतो की यातलं एक निवडा, पण तो विचारेल, तुम्ही ठरवून निवडाल. आणि पुढे तो मोठा क्लेम मंजूर झाला तर त्याच्या सगळ्या अटी ज्यात आहेत असे बाजूला ठेवलेले क्लेमही परत आत घेतात. म्हणून बाकी दोन रेझिनचे क्लेम मोठ्या क्लेमलाच जोडून लिहा, सुटे लिहू नका. विचारल्यावर निवडाल ते जे रेझिन आज खरोखर विकलं जातंय ते निवडा.

प्रश्न : ताई, मी नेरूळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे आजोबा दिवाळे गावात मासे सुकवतात, त्यांच्यासाठी मी सोलर ड्रायर बनवलाय, त्यात सुकट आणि बोंबील दोन्ही वेगळ्या ओलाव्याला बाहेर निघतात. आठ महिन्यांपूर्वी भारतात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला. सर म्हणतात ड्रायरचाच क्लेम कर, सुकवायच्या पद्धतीचं नंतर बघू. भारतात पण असं न विचारता निवड होणं असतं का?
(एक विद्यार्थिनी, नेरूळ)

उत्तर : तुझं पत्र अगदी योग्य वेळी आलं. तू अजून तुर्भ्याच्या अलीकडे आहेस. प्रोव्हिजनलमध्ये क्लेम लागतच नाहीत, त्यामुळे तुझी कसलीच निवड झालेली नाही, आणि १२ महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे क्लेमसकट पूर्ण वर्णन, टाकायचं, तेव्हा तुझ्याकडे चार महिने आहेत. सरांचा आदर ठेवून सांगते, पद्धत नंतर बघू हे आपल्याकडे तर करूच नकोस.

भारतात अमेरिकेसारखं त्या नावाचं काही नाही, पण परिणाम काही बाबतीत जास्त कडक आहे. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ५९ म्हणतं की दुरुस्ती केलेला क्लेम दुरुस्तीच्या आधीच्या क्लेमच्या व्याप्तीत पूर्णपणे बसला पाहिजे. तू फक्त ड्रायर क्लेम केलास आणि नंतर सुकवायच्या पद्धतीचा क्लेम घालायला गेलीस तर हा आधीच्या क्लेममध्ये बसत नाही असा आक्षेप येणार. अमेरिकेत निदान क्लेम अर्जात बाजूला तरी पडून राहतो, इथे तो आतच येणार नाही.

मग दुसरा मार्ग डिव्हिजनल, आपल्याकडे कलम १६. यावर मधे बराच घोळ होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बोहरिंगर इंगेलहाइमच्या केसमध्ये म्हटलं होतं की डिव्हिजनलचा शोध मूळ अर्जाच्या क्लेममध्येच असला पाहिजे, म्हणजे वर्णनात आहे पण क्लेम नाही असं गेलंच. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये सिंजेंटाच्या केसमध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ते बदललं, प्रोव्हिजनल किंवा कम्प्लीट स्पेसिफिकेशनमध्ये एकापेक्षा जास्त शोध सांगितलेले असले तरी पुरे, आणि मार्च २०२४ च्या नवीन नियमांमध्ये तसंच आलं. म्हणजे दार आता उघडं आहे, पण त्यासाठी ती गोष्ट स्पेसिफिकेशनमध्ये नीट सांगितलेली तरी हवी. तुझ्या प्रोव्हिजनलमध्ये सुकवायच्या पायऱ्या, तापमान, किती तास, सुकटीचा आणि बोंबलाचा ओलावा किती असताना बाहेर काढायचं, हे सगळं आहे का आज रात्रीच उघडून बघ. नसेल तर आजोबांजवळ बसून लिहून काढ आणि कम्प्लीटमध्ये घाल, फक्त त्या वाढीव भागाला तारीख कम्प्लीटची मिळेल, प्रोव्हिजनलची नाही.

तुला बहुधा डिव्हिजनल लागणारही नाही. कलम १०(५) प्रमाणे एकाच कल्पनेने जोडलेले शोध एका अर्जात चालतात, आणि ड्रायर आणि त्याच ड्रायरने सुकवायची पद्धत ही जोडी सहसा एकत्र बसते. फीचं म्हणशील तर तुझ्यासारख्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला १६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० क्लेम येतात, पुढच्या दर क्लेमला ३२० रुपये. पाच क्लेम ड्रायरचे आणि पाच पद्धतीचे केलेस तर एक पैसाही जास्त नाही. पद्धत वेगळी काढून उद्या डिव्हिजनल केलास तर अर्जाची फी पुन्हा, तपासणीची फी पुन्हा, पुन्हा एफईआर, म्हणजे तपासणीचा पहिला रिपोर्ट, पुन्हा त्याला उत्तर द्यायला सहा महिने.

एफईआरमध्ये तरीही दोन शोध आहेत असा आक्षेप आलाच तर घाबरून पद्धत नुसती खोडून टाकू नकोस, खोडायच्या आधी किंवा त्याच दिवशी डिव्हिजनल टाक. तो मूळ पेटंट मंजूर होण्याआधीच टाकावा लागतो, आणि आपल्याकडे मंजुरी कधी कधी अचानक येते, आदल्या दिवशी सांगून येत नाही, तेव्हा उद्यावर ठेवू नकोस. डिव्हिजनलच्या तपासणीसाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, मूळ अर्जाचा भरला होता म्हणून चालत नाही. मूळ अर्जाचे ३१ महिने उलटून गेले असतील तर डिव्हिजनल टाकल्यापासून सहा महिन्यांत तो भरायचा.